पॅराक्वाट लाल रक्तपेशीत नेमकं काय करतं?

सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य वारंवार वाचायला मिळतं: "तणनाशकांमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो व लाल रक्तपेशींची हानी होते." वाक्य चूक नाही. पण पेटच्या मुलाखतीत समोरच्या मॅडमनी "कशी होते?" असं विचारलं की बहुतेक जण "फ्री रॅडिकल्स तयार होतात" इथे थांबतात. फ्री रॅडिकल येतो कुठून, इलेक्ट्रॉन कोणाचा, पेशी त्याची किंमत कशातून भरते, हे सांगता आलं तर विषय तुमचा झाला. म्हणून आज एकच रेणू घेऊ, पॅराक्वाट, आणि एकच पेशी.

आधी एक गल्लत दूर करू. विषबाधेचा विषय निघाला की महाराष्ट्रात सगळ्यांना २०१७ चं यवतमाळ आठवतं. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पण त्या वेळी चर्चेत होती ती मुख्यतः कीटकनाशकं, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि त्यांची मिश्रणं. ती ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. गंमत म्हणजे हे एन्झाइम लाल रक्तपेशीच्या पटलावरही असतं, म्हणून तिथेही रक्त तपासूनच विषबाधेचा अंदाज घेतात. मात्र तिथे लाल पेशी फक्त साक्षीदार असते, मार बसतो मज्जासंस्थेला. ऑक्सिडेटिव्ह हानी ही वेगळी गोष्ट. प्रस्तावनेत यवतमाळचा दाखला देऊन पुढच्याच ओळीत तणनाशक लिहिणारे सिनॉप्सिस मी पाहिले आहेत. कृपया तसं करू नका, परीक्षक विदर्भातला निघाला तर तिथेच संपलं.

तणनाशकं आपल्याकडे का वाढली हे वेगळं सांगायला नको. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि फवारा अर्ध्या दिवसात मारून होतो. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं, ते याच ओढीतून. त्या बियाण्याशी जोडलेलं ग्लायफोसेट केंद्र सरकारने २०२२ मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फत वापरण्यापुरतं मर्यादित केलं. पॅराक्वाट मात्र वेगळ्याच जातीचं आहे. युरोपीय संघात २००७ पासून ते चालत नाही, श्रीलंकेने टप्प्याटप्प्याने काढून टाकलं, केरळने २०११ मध्ये बंद केलं. त्याच्यावर खात्रीचा उतारा नाही. पोटात गेलं तर लगेच रुग्णालय, एवढंच हातात असतं.

आता रेणूकडे वळू. पॅराक्वाट पहिल्यांदा बनवलं गेलं १८८२ मध्ये, तेव्हा त्याचा शेतीशी काही संबंध नव्हता. १९३३ मध्ये मायकेलिस यांनी ते रेडॉक्स निर्देशक म्हणून वापरलं, नाव मिथिल व्हायोलोजेन. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये कदाचित तुम्हीही याच नावाने भेटला असाल. एक इलेक्ट्रॉन मिळाला की ते गडद निळं होतं, हवा लागली की पुन्हा रंगहीन. तण मारण्याचा त्याचा गुण इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या जेलॉट्स हिल केंद्रात १९५५ मध्ये लक्षात आला आणि १९६२ पासून ते बाजारात आलं.

निळं होणं आणि हवेत पुन्हा रंगहीन होणं, या एका निरीक्षणात सगळं विषशास्त्र आहे. पॅराक्वाटवर दोन धन भार असतात. त्याने कुठून तरी एक इलेक्ट्रॉन उचलला की त्याचा रॅडिकल बनतो. ऑक्सिजन समोर आला की तो इलेक्ट्रॉन तत्काळ ऑक्सिजनला देऊन टाकतो. ऑक्सिजनचा होतो सुपरऑक्साइड आणि पॅराक्वाट होतं तसंच्या तसं मोकळं, पुढचा इलेक्ट्रॉन उचलायला तयार. म्हणजे ते स्वतः खर्च होत नाही. हमालासारखं आहे, एक पाठ रिकामी झाली की दुसरी खेप. झाडात ते इलेक्ट्रॉन फोटोसिस्टिम एककडून उचलतं, म्हणून उन्हात फवारलेलं तण काही तासांत जळतं.

लाल रक्तपेशीत फोटोसिस्टिम नाही. मायटोकॉन्ड्रिया नाही, केंद्रक नाही, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमही नाही. यकृतात किंवा फुफ्फुसात पॅराक्वाटला इलेक्ट्रॉन देणारं मुख्य एन्झाइम, सायटोक्रोम पी-४५० रिडक्टेज, रेटिक्युलमवर बसलेलं असतं. मग इथे हमालाला माल देतो कोण? उत्तर: एनएडीपीएच. पेशीद्रवातल्या फ्लॅविन रिडक्टेजसारख्या एन्झाइमांच्या मार्फत एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन पॅराक्वाटकडे जातात. आणि लाल पेशीत एनएडीपीएच बनवण्याचा जवळजवळ एकच मार्ग आहे, पेंटोज फॉस्फेट मार्ग, ज्याच्या दारावर जी६पीडी हे एन्झाइम बसलेलं असतं.

इथे जरा कागद-पेन घ्या, कारण हा हिशेब मला कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त बोलका वाटतो. एका एनएडीपीएचमधून दोन इलेक्ट्रॉन निघतात. ते दोन पॅराक्वाट रेणूंवर चढले, दोन सुपरऑक्साइड झाले. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, या दोघांना एकत्र आणून एक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक ऑक्सिजन बनवतं. आता हा पेरॉक्साइड पुसायचा. ग्लुटाथायोनच्या वाटेने पुसला तर दोन ग्लुटाथायोन खर्च होऊन त्यांची जोडी बनते. ती जोडी पुन्हा सुटी करायला ग्लुटाथायोन रिडक्टेजला काय लागतं? एक एनएडीपीएच. म्हणजे एक एनएडीपीएच विष बनवण्यात गेला आणि दुसरा ते विष पुसण्यात. पेंटोज फॉस्फेट मार्गात एक ग्लुकोज-६-फॉस्फेट आत गेलं की दोनच एनएडीपीएच मिळतात. जी काही मिळकत होती ती अशी दोन्हीकडून संपली. कॅटालेजच्या वाटेने पेरॉक्साइड गेला तर हा दुसरा खर्च वाचतो. पेरॉक्सिरिडॉक्सिन-२ सुद्धा मोठा वाटा उचलतं; हिमोग्लोबिन आणि कार्बोनिक अनहायड्रेज सोडले तर लाल पेशीत सर्वाधिक असलेलं प्रथिन हेच. पण त्यालाही शेवटी एनएडीपीएचच लागतो, थायोरिडॉक्सिनमार्फत.

तर "अँटिऑक्सिडंट कमी झाले" असं लिहिण्याआधी हे लक्षात घ्या: पॅराक्वाट हल्ला करणाऱ्याला आणि बचाव करणाऱ्याला एकाच तिजोरीतून पैसे काढायला लावतं.

एसओडीबद्दल एक छोटं विषयांतर. १९३८ मध्ये मान आणि कीलिन यांनी रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. त्याचं काम काय हे कोणालाच कळलं नाही, त्यामुळे ते "तांबं साठवणारं प्रथिन" म्हणून पडून राहिलं. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातले मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी गाईच्या लाल रक्तपेशींतून एसओडी शुद्ध केलं, आणि ते तेच जुनं प्रथिन निघालं. पहिलं एसओडी लाल पेशीतच सापडावं हा योगायोग नाही. या पेशीला रोजच सुपरऑक्साइडशी झगडावं लागतं, विष असो वा नसो.

कारण हिमोग्लोबिन. ऑक्सिजन वाहताना हीममधलं लोह फेरस असतं. अधूनमधून ऑक्सिजन सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन जातो, म्हणजे सुपरऑक्साइड बनून जातो, आणि मागे राहतं फेरिक लोह, म्हणजे मेथहिमोग्लोबिन. ते ऑक्सिजन धरू शकत नाही. निरोगी माणसातही दररोज एक-दोन टक्क्यांच्या आसपास हिमोग्लोबिन असं बिघडतं आणि सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज ते एनएडीएच वापरून दुरुस्त करतं, म्हणून प्रत्यक्ष पातळी एक टक्क्याच्या खालीच राहते. पॅराक्वाट या चालू गाड्यावर आणखी ओझं टाकतं. सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड दोघंही ऑक्सिहिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिनकडे ढकलतात. पेरॉक्साइड जास्त झाला तर फेरिल हिमोग्लोबिन बनतं, ते आजूबाजूच्या लिपिडवर आणि स्वतःच्या ग्लोबिनवरच तुटून पडतं. हीम फुटून लोह सुटं झालं तर फेंटन अभिक्रियेने हायड्रॉक्सिल रॅडिकल.

पुढची पायरी सूक्ष्मदर्शकातून दिसते. बिघडलेलं हिमोग्लोबिन हेमिक्रोम बनतं, त्याचे गोळे होतात, ते पटलाच्या आतल्या बाजूला चिकटतात. या गोळ्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, १८९० मध्ये रॉबर्ट हाइन्झ यांनी वर्णन केलेल्या. लीशमन स्टेनमध्ये त्या दिसणार नाहीत, क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिल व्हायोलेटने जिवंत पेशी रंगवाव्या लागतात. हे गोळे पटलावरच्या बँड-३ प्रथिनाला धरतात, बँड-३ चे पुंजके होतात, त्या पुंजक्यांवर रक्तातली प्रतिपिंडं बसतात, आणि प्लीहा त्या पेशीला म्हातारी समजून उचलते किंवा तिचा चावा घेते. पेशीला केंद्रक नाही, त्यामुळे मोडलेलं प्रथिन नव्याने बनवायची सोय नाही. १२० दिवसांच्या आयुष्यात जे बिघडलं ते बिघडलं.

सगळी तणनाशकं याच वाटेने जातात असं नाही. भातशेतीतलं प्रोपानिल यकृतात फुटून ३,४-डायक्लोरोअॅनिलिन बनतं, त्याचं हायड्रॉक्सिलअमाइन लाल पेशीत शिरून ऑक्सिहिमोग्लोबिनला थेट मेथहिमोग्लोबिन बनवतं आणि पेशीतल्याच क्षपणशक्तीने पुन्हा ताजं होतं. इथेही खेपा घालणारा हमालच, फक्त वेगळा. अशा रुग्णाचं रक्त चॉकलेटी दिसतं, ऑक्सिजन लावूनही ओठ निळसरच राहतात, आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसतो. श्रीलंकेत यावर बरंच काम झालंय. आपल्याकडे हेच चित्र फुलधारणेसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रोबेंझिनच्या आणि इंडोक्साकार्ब या कीटकनाशकाच्या विषबाधेत दिसतं. ती तणनाशकं नाहीत, पण लाल पेशीला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

आता संशोधनाची बाजू. मला इथेच जास्त बोलायचंय.

पॅराक्वाटच्या विषबाधेत माणूस दगावतो तो प्रामुख्याने फुफ्फुसामुळे आणि आधी मूत्रपिंड गेल्यामुळे. फुफ्फुसाच्या पेशी पॉलिअमाइनच्या वाहकातून पॅराक्वाट ओढून घेतात. लाल पेशीत असा जोरदार ओढा नाही, आणि दोन धन भारांमुळे पटलातून ते हळूहळूच आत जातं. मग लाल पेशीवर काम करायचं कशाला? कारण ती मिळायला सोपी, साधी, आणि तिचा एनएडीपीएचचा हिशेब स्वच्छ आहे. प्रतिमान म्हणून ती उत्तम. पण "रुग्णाच्या रक्तात हेच होतं" असा निष्कर्ष काढताना जीभ आवरा.

किती आवरायची याचाही हिशेब आहे. प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये रुग्णांच्या प्लाझ्मातली पॅराक्वाटची पातळी आणि जगण्याची शक्यता यांची सीमारेषा मांडली. चार तासांनी लिटरला २ मिलिग्रॅम, चोवीस तासांनी ०.१ मिलिग्रॅम. याच्या वर असेल तर वाचण्याची शक्यता कमी. पॅराक्वाट आयनाचं वजन १८६ धरलं तर २ मिलिग्रॅम म्हणजे साधारण ११ मायक्रोमोलर. आता तुमच्या फोल्डरमधले इन व्हिट्रो पेपर उघडा आणि मात्रा बघा. १ मिलिमोलर, ५ मिलिमोलर सर्रास दिसेल. १ मिलिमोलर म्हणजे त्या मरणरेषेच्या नव्वदपट. पेशीत आत शिरायला वेळ लागतो, प्रयोग काही तासांचाच असतो, म्हणून मात्रा वाढवावी लागते हे मान्य. पण मग तसं लिहा, आणि मायक्रोमोलर पातळीचा किमान एक बिंदू ठेवा, भले तिथे काही दिसलं नाही तरी. पोलंडमधल्या बुकोव्स्का यांच्या गटाने २,४-डी, एमसीपीए, ग्लायफोसेट अशा कित्येक तणनाशकांवर मानवी लाल पेशींत काम केलं आहे. त्यांचे पेपर वाचताना कोणत्या मात्रेपासून परिणाम सुरू होतो ते वहीत लिहून घ्या. ग्लायफोसेटला मिलिमोलरमध्ये जावं लागतं, हे कळलं की वर्तमानपत्रातल्या मथळ्यांकडे बघायची नजरही बदलते.

दुसरा सापळा बाटलीचा. कृषी सेवा केंद्रातून २४ टक्क्यांची बाटली आणायची आणि थेट पेशींवर टाकायची, हा स्वस्तातला मार्ग. पण त्या बाटलीत पॅराक्वाट एकटं नसतं. पानावर पसरण्यासाठी सरफॅक्टंट असतो, म्हणजे साबणाचा भाऊ. तो पटल विरघळवून पेशी फोडतो, त्यात ऑक्सिडेशनचा काही संबंध नसतो. वर ओळखू यावं म्हणून निळसर-हिरवा रंग घातलेला असतो, जो तुमच्या कलरिमीटरच्या आकड्यात गुपचूप मिसळतो. हिमोलिसिस वाढला, शोषण वाढलं, "ऑक्सिडेटिव्ह हानी सिद्ध" असं लिहून मोकळे. शुद्ध मानक घ्या, महाग असलं तरी. बाटलीचा अभ्यास करायचाच असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. शुद्ध रेणूने पेशी फुटत नाहीत आणि बाटलीने फुटतात, असं आलं तर तोच तुमचा खरा निष्कर्ष आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने कदाचित जास्त उपयोगाचा.

टीबार्स पद्धत सगळेच वापरतात, कारण सगळ्या लॅबमध्ये थायोबार्बिट्युरिक आम्ल असतं. ५३२ नॅनोमीटरला गुलाबी रंग, वाढला की लिपिड पेरॉक्सिडेशन वाढलं. लाल पेशीत अडचण अशी की हीमही त्याच भागात प्रकाश शोषतं, आणि नमुना उकळताना त्यातलं लोह नवीन पेरॉक्सिडेशन घडवतं. म्हणजे हानी पेशीत झाली की तुमच्या वॉटर बाथमध्ये, हेच कळत नाही. टीसीएने प्रथिन आधी काढा, बीएचटी घाला, आणि प्रत्येक नमुन्याचा टीबीए नसलेला ब्लँक लावा. डीसीएफ रंगद्रव्याचं तर विचारूच नका, हीमचं लोह त्याला थेट ऑक्सिडाइज करतं. ग्लुटाथायोन मोजताना आम्ल घातलं की हिमोग्लोबिनच्या उपस्थितीत ते तिथल्या तिथे ऑक्सिडाइज होतं आणि निरोगी रक्तातही जोडीचं प्रमाण फुगलेलं दिसतं. आम्लाआधी एनईएम घालून ग्लुटाथायोन अडकवून ठेवलं तरच आकड्यावर विश्वास ठेवावा.

मेथहिमोग्लोबिन मात्र प्रामाणिक आहे. ६३० नॅनोमीटरला त्याचं शोषण असतं, सायनाइड घातलं की ते नाहीसं होतं, फरक म्हणजे मेथहिमोग्लोबिन. सायनाइड वापरताना गाईड किंवा सीनियर शेजारी हवेत, एकट्याने रविवारी नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून फेनिलहायड्रेझिन ठेवा, हाइन्झ बॉडी हमखास देतं.

आणि बफरमध्ये ग्लुकोज. वरचा एनएडीपीएचचा हिशेब आठवा. पेशी धुऊन नुसत्या सलाइनमध्ये ठेवल्या तर पेंटोज फॉस्फेट मार्ग उपाशी राहतो. मग पॅराक्वाटला इलेक्ट्रॉनही मिळत नाहीत आणि पेशीला बचावही करता येत नाही. दोन लॅबचे निकाल उलटसुलट का येतात याचं उत्तर कधीकधी मेथड्सच्या या एका ओळीत असतं. ग्लुकोज असलेला आणि नसलेला असे दोन संच लावले तर यंत्रणेबद्दलच पुरावा मिळतो, खर्च काहीच नाही.

रक्त कुठून आणायचं? देवनारहून बकऱ्याचं आणायचा विचार असेल तर बकऱ्याची लाल पेशी माणसाच्या पेशीच्या निम्म्याएवढीच असते आणि ऑस्मोटिक ताण कमी सोसते, तेव्हा मानवी प्रोटोकॉलमधली सलाइनची तीव्रता तशीच उचलू नका. माणसाचं रक्त घेणार असाल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची परवानगी आधी, सुई नंतर. "लॅबमधल्या मित्राचंच घेतो" हे चालत नाही.

मुंबईत एक गोष्ट आणखी बघावी लागते, दाता जी६पीडी-न्यून तर नाही ना. या शहराचा आणि या एन्झाइमचा जुना संबंध आहे. १९६० च्या दशकातच बक्षी, संघवी आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी समाजात जी६पीडीची कमतरता नोंदवली. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा एक नवा प्रकार सापडला आणि त्याला नाव दिलं गेलं जी६पीडी कल्याण. पुढे केरळमधला प्रकार आणि हा एकच असल्याचं डीएनएवरून कळलं, म्हणून आता तो केरळ-कल्याण: ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. मुलुंडहून आठ स्टेशनं पुढे गेलं की लागणाऱ्या गावाचं नाव जगभरच्या जनुकशास्त्राच्या तक्त्यात आहे, हे मला अजूनही भारी वाटतं.

अशा माणसाला एरवी काही त्रास नसतो. मलेरियाचं प्रायमाक्विन घेतलं किंवा घरातल्या लहान मुलाने डांबराची गोळी चघळली की लघवी कोकच्या रंगाची होते, कारण तिजोरीचं दार मुळातच अरुंद. मेथहिमोग्लोबिनवरचा उपचार मिथिलीन ब्लू हासुद्धा एनएडीपीएचवरच चालतो, म्हणून अशा रुग्णात तो उपयोगी पडत नाही, उलट रक्त आणखी फुटू शकतं. तुमच्या प्रयोगात सहा दाते असतील आणि त्यातला एक असा निघाला तर त्याच्या पेशींचा आकडा वेगळाच येईल. त्याला "आउटलायर" म्हणून खोडायच्या आधी बॉइटलरची फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट करा, फिल्टर पेपर आणि यूव्ही दिवा पुरतो. चाचणी कमतरता दाखवत असेल तर ते त्या दात्याला सांगायचं की नाही, कोणी सांगायचं आणि कोणती औषधं टाळायला सांगायची, हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असू द्या. परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, पक्क्या निदानासाठी पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न मुंबईत तरी पडायला नको.